पेनफोल्डसाहेबाचा दगड

१

पेनफोल्डसाहेब दोनदा नाहीसा झाला. पहिल्यांदा इंग्रजी अमलात, भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, पाण्यात. दुसऱ्यांदा यंदाच्या मे महिन्यात, सेंट ज्यूडच्या चर्चमधून, संगमरवरासकट.

पहिल्या वेळी आरडाओरडा कोणी केला ते ठाऊक नाही. दुसऱ्या वेळी तो करायला रेव्हरंड संदेश उजगरे होते, पण ते मूळचे नगरकडचे आणि स्वभावाने शांत. सकाळी राखणदाराने चर्चचं दार उघडून दिल्यावर ते एका बाकासमोर उभे राहिले. बाकावर एक गोणपाट होतं आणि त्या गोणपाटावर आदल्या संध्याकाळपर्यंत पेनफोल्डसाहेबाच्या स्मृतीचा दगड होता. आता नुसतं गोणपाट होतं. उजगऱ्यांनी ते उचलून खाली पाहिलं. मग झटकून पाहिलं. देवाच्या घरी माणूस आशा सोडत नाही.

सेंट ज्यूडचं चर्च आमच्या रत्नागिरीत दोनशे वर्षं उभं आहे. जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौलं, आणि आत साहेबांच्या नावांच्या संगमरवरी पाट्या. ज्या साहेबांना कोकणचा पाऊस सोसला नाही त्यांची नावं भिंतीवर आहेत. ज्यांना सोसला ते विलायतेला जाऊन मेले, म्हणून त्यांना इथे कोणी ओळखत नाही. आवारात थडगी आहेत आणि थडग्यांवर सावली धरून हापूसची जुनी कलमं. त्या आंब्यांना निराळीच चव असते असं सांगणारे लोक आहेत. ते बहुतेक विकणारे आहेत.

पेनफोल्डचा दगड फार मोठा नव्हता, देवघरातल्या पाटाएवढा. हेन्री पेनफोल्ड, बंदर खात्याचा अधिकारी, जुलै महिन्यात खाडीच्या तोंडाशी होडी उलटून बुडाला, एवढं त्यावर वाचता येई. त्याच्या खालचा भाग सागवानी फळ्यांआड होता. या फळ्या कोण्या पुढच्या साहेबाने 'भिंतीला ओल येते' म्हणून ठोकल्या होत्या. चर्चच्या चारही भिंतींत ओल या एकाच ठिकाणी, एवढ्याच उंचीवर येत होती, याचं कोणाला नवल वाटलं नाही.

द्विशताब्दीच्या समारंभासाठी डागडुजी चालली होती. पालीहून आलेल्या खंडू सुताराने आदल्या दुपारी त्या फळ्या काढल्या, दगड उतरवून गोणपाटावर ठेवला, आणि तो चहाला गेला. खाली आणखी काही अक्षरं होती, चुन्याने आणि वाळवीच्या मातीने भरलेली.

ती अक्षरं आता दगडासकट गेली होती. आणि चर्चच्या दाराची किल्ली एकाच माणसाकडे होती. त्याचं नाव धाकू, आणि सगळ्या गावाच्या समजुतीप्रमाणे पेनफोल्डसाहेबाला बुडवणारा माणूस धाकूचाच पूर्वज होता.

२

ही समजूत गावाने स्वतः करून घेतलेली नव्हती. ती प्राध्यापक रघुनाथ सरपोतदारांनी करून दिली होती.

सरपोतदार म्हणजे आमच्याकडचे इतिहासकार. ते तरुण असताना धाकूच्या वडिलांकडे गेले. वडील मासेमारी करणारे, साधे. त्यांनी पाहुण्याला भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं आणि घरातली जुनी गोष्ट सांगितली, की त्या दिवशी साहेबाच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, आमचा बाबल्या होता, आणि तोही परत आला नाही. सरपोतदार तिखलं जेवले, हात धुतले, आणि महिन्याभरात वर्तमानपत्रात त्यांचा लेख आला. 'खुनी तांडेल'. साहेबाने बाबल्याला चाबकाने मारलं असावं, म्हणून बाबल्याने सूड घेण्यासाठी होडी मुद्दाम उलटवली असावी. लेखात 'असावं' पुष्कळ होतं. पुस्तक झालं तेव्हा ते सगळं गळून गेलं होतं.

घराण्याला 'साहेबबुडवे' हे नाव पडलं ते तेव्हापासून. धाकूला शाळेत त्याच नावाने हाक मारत. त्याची थोरली बहीण चिमा, तिची सोयरीक ठरली होती; मुलाकडच्यांनी लेख वाचून दाखवला आणि नारळ परत केला. चिमाने पुन्हा नारळ घेतला नाही. ती मच्छीमार्केटात बसू लागली, आणि गेली कित्येक वर्षं प्राध्यापक समोर आले की माशांवर फडकं टाकते.

धाकू मात्र चर्चचा राखणदार झाला. धाकू हिंदू, चर्च इंग्रजी, पगार तुटपुंजा. तिघांचं आपसांत कधी भांडण झालं नाही. फाटकाजवळच्या खोलीत तो आणि चिमा राहत. ज्या दगडाने घराण्याचं नाव घालवलं तो दगड तो रोज पुसत असे.

समारंभ समितीने आता ठराव केला होता. रविवारपर्यंत दगड मिळाला नाही तर धाकूने खोली खाली करायची आणि प्रकरण पोलिसांकडे द्यायचं. ठरावाचे सूचक कोण, ते सांगायची गरज नसावी. इतिहास उपसमितीचे अध्यक्ष प्राध्यापक सरपोतदारच होते, आणि त्याच रविवारी त्यांच्या पुस्तकाची सुधारित आवृत्ती चर्चमध्ये प्रकाशित व्हायची होती.

उजगऱ्यांनी मग गुणवंतीबाई सुर्व्यांना बोलावलं.

गुणवंतीबाई विमा कंपनीच्या सर्वेक्षक होत्या, आता निवृत्त. आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. किनाऱ्यावर कुठे बोट बुडाली की जायचं आणि ती बुडाली की बुडवली ते सांगायचं. त्यांच्या अहवालामुळे रत्नागिरी ते देवगडपर्यंत बरेच लोक त्यांच्यावर नाराज होते. चक्रीवादळात चर्चची कौलं उडाली तेव्हा भरपाई त्यांनीच मिळवून दिली होती, म्हणून उजगऱ्यांचा त्यांच्यावर विश्वास.

त्या आल्या, रिकाम्या गोणपाटाकडे पाहिलं, आणि पहिला प्रश्न पेनफोल्डबद्दल विचारला.

"जुलैत बुडाला म्हणता?"

उजगऱ्यांनी मान डोलावली. दगडावर तसंच होतं.

"मग बाबल्याने बुडवला नाही," गुणवंतीबाई म्हणाल्या. "आषाढात आमच्याकडे होड्या वर ओढून माडाच्या झापांनी झाकलेल्या असतात. नारळी पौर्णिमेआधी कोणी पाण्यात घालत नाही. त्या महिन्यात होडी काढायला लावणारा साहेबच असणार. आणि बुडवायचंच असतं तर बाबल्या थांबला असता महिनाभर. खाडीच्या तोंडाशी, पावसात, उलटलेल्या होडीतून तांडेलसुद्धा वाचत नाही, हे त्याला साहेबापेक्षा जास्त कळत होतं."

उजगरे म्हणाले की हे सरपोतदारांच्या लक्षात कसं आलं नाही.

"त्यांना दोन ओळींत सूड सापडला होता. मग कोण कॅलेंडर बघतं."

३

धाकूने जे घडलं ते सरळ सांगितलं. फळ्यांखाली अक्षरं दिसली म्हणून त्याने चिपळूणला गेलेल्या उजगऱ्यांना फोन केला. ते म्हणाले सरपोतदारांना दाखव, जाणकार आहेत. धाकूने त्यांनाच फोन लावला. प्राध्यापक संध्याकाळी आले, बादली आणि फडकं मागून घेतलं, धाकूला बाहेर थांबायला सांगितलं, आणि बराच वेळ आत एकटे होते. मग ते गेले. धाकूने अंधारात आत न बघताच दार लावलं. सकाळी रेव्हरंड आले.

"जाताना त्यांच्या हातात काय होतं?"

"काय नाय. ती खांद्याची शबनम, ती पण रिकामी लोंबत होती. मी फाटकातच जाळं विणत बसलेलो," धाकू म्हणाला. "खंडू त्याच्या आधीच गेलेला. त्याची पेटी मीच उचलून टेम्पोत ठेवली. हलकी होती."

चिमा तिथेच सुरी घासत बसली होती. दगडाबद्दल तिने समितीसमोर काय म्हटलं होतं ते सगळ्या गावाला माहीत होतं. एक दिवस तो दगड मी खाडीत टाकीन, जिथला तिथे. गुणवंतीबाईंनी ते विचारलं तर तिने नाकारलं नाही.

"टाकला असता. पण मी टाकला असता तर दिवसाढवळ्या टाकला असता आणि प्राध्यापकाला बघायला बोलवला असता." तिने सुरीची धार बोटाने पाहिली. "माझ्यावर आळ घेतलात तरी चालेल, बाय. धाकूवर नको. तो आपला दगड पुसतो."

मग तिला काहीतरी आठवून हसू आलं. त्या संध्याकाळी ती मासे घेऊन घरी येत होती तेव्हा प्राध्यापक फाटकातून बाहेर पडत होते, मान ताठ, आणि सदऱ्याच्या पाठीला भाताच्या पेंढ्याची लांबलचक काडी चिकटलेली. तशीच शेपटी लावून सगळ्या बाजारातून गेले. सांगायला तोंड उघडलं होतं, पण मग म्हटलं राहू दे. एवढा आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

गुणवंतीबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पेंढा कुठला. चिमाला ते माहीत नव्हतं. मे महिन्यात पेंढा कुठेही असतो.

सरपोतदारांकडे त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. प्राध्यापकांनी चहा मागवला, स्वतःचा बिनसाखरेचा, आणि मधुमेहाबद्दल थोडं बोलले. दगडाबद्दल फारसं बोलण्यासारखं त्यांना वाटत नव्हतं. हो, खालची ओळ आपण पाहिली, थोडी पुसली. बायबलातलं एक वचन होतं, तेविसावं स्तोत्र, सगळ्या थडग्यांवर असतं तेच. नोंद घेण्यासारखं काही नव्हतं. दगड बाकावर ठेवून आपण निघालो. पुढचं राखणदाराला विचारा.

"फोटो काढलात?"

"मोबाईल घरी राहिला होता."

गुणवंतीबाईंना हे जरा चमत्कारिक वाटलं. चर्चची एक पायरी फुटली होती तेव्हा याच माणसाने त्या पायरीवर दोन कॉलम लिहिले होते, फोटोसह. आणि शंभर-दीडशे वर्षांनी उजेडात आलेल्या ओळीवर चार शब्दसुद्धा टिपले नव्हते.

भिंतीवर एका जुन्या फोटोत धोतरातला एक माणूस कलमांच्या रांगेत उभा होता. गुणवंतीबाईंनी विचारल्यावर प्राध्यापक म्हणाले की वडील, पावस गावातली बाग. केव्हाच विकली. आपण लहानपणीच पुण्याला शिकायला गेलो. आंबा बशीत येतो एवढंच आपल्याला कळतं. मग ते पुस्तकाकडे वळले आणि गुणवंतीबाईंचा चहा गार होईपर्यंत वळलेलेच राहिले. दारात पोचवताना त्यांनी अगदी मनापासून सल्ला दिला.

"बाई, तुम्ही बोटींचं बघत आलात. हे इतिहासाचं आहे. रक्तात असतं ते जात नाही. त्या घराण्याने एकदा साहेबाला बुडवलं, आता त्याचा दगड बुडवला."

४

चर्चमधून काही बाहेर गेलेलं नव्हतं, याची गुणवंतीबाईंना खात्री होती. खंडूची पेटी हलकी, प्राध्यापकांची शबनम रिकामी. आणि धाकूला दगड लपवायचाच असता, तर कधीही न उघडणारी विहीर पंचवीस पावलांवर होती. पण विहिरीच्या झाकणावरची करवंदीची जाळी तशीच होती. लोक दगड खाडीत शोधत होते, विहिरीत शोधत होते. आत कोणी शोधला नव्हता, कारण आत सगळं दिसतच होतं.

वेदीच्या मागे एक खोली आहे. पूर्वी तिथे पाद्री झगे बदलत. आता मे महिन्यात तिथे आवारातल्या आंब्यांची अढी घालतात. जमिनीवर भाताचा पेंढा, पेंढ्यावर आंबे, वर पुन्हा पेंढा, आणि उरलेला पेंढा भिंतीला टेकवून रचलेला. खोलीत शिरताच वास नाकात बसतो.

उजगऱ्यांनी त्यांना दारातच थांबवलं. अढीला हात लावायचा नाही, ती सरपोतदारांनी पुण्याच्या पाहुण्यांसाठी सगळीच्या सगळी सांगून ठेवली आहे. समारंभ झाला की सोमवारी स्वतः गाडी घेऊन येणार आहेत, तोवर कोणी परतूसुद्धा नये.

"कधी सांगितलं त्यांनी?"

"दगड गेल्याचं कळलं त्याच सकाळी, फोनवर. बिचारे तशाही धांदलीत पाहुण्यांचा विचार करत होते."

गुणवंतीबाई अढीजवळ वाकल्या. त्यांनी वरचा पेंढा थोडा बाजूला केला आणि वास घेतला. खालचे काही आंबे पाणी सोडायला आले होते. सोमवारपर्यंत ही अढी राहिली असती तर पाहुण्यांना साली चाटाव्या लागल्या असत्या. हे नगरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून उजगऱ्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. आणि धाकूला वाटलं तरी तो बोलणार नव्हता, कारण अढी परतायचं काम वाचत होतं.

मग त्या अढीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेल्या, सावकाश, जशा बोटीचा तळ बघत जायच्या. खोलीच्या मध्यापर्यंत अढी धाकूच्या हातची होती हे उघड होतं. मासे ओततात तसे आंबे ओतलेले. आडवे, उभे, एकमेकांच्या अंगावर. आणि पार भिंतीकडच्या कोपऱ्यात, सतरंजीएवढ्या जागेत, आंबे निराळे होते. प्रत्येकाचा देठ खाली. एका ओळीत, दोन आंब्यांत बोटभर अंतर. तयार झालेले एका बाजूला, मागे राहिलेले दुसऱ्या बाजूला.

"रेव्हरंड," त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे घाईत लपवालपवी करणारा माणूस आंबे इतके नीट लावतो?"

गुणवंतीबाईंनी दोन ओळींमधून हात खाली घातला. पेंढा ऊबदार होता, अढीचा असतो तसा. मग तो संपला आणि बोटांना गार लागलं.

५

दगड त्यांनी बाहेर काढला, फडक्याने पुसला, आणि उजगऱ्यांनी खालच्या ओळी वाचल्या. वाचून ते पहिल्या बाकावर बसले. मग फाटकाकडे जाऊन त्यांनी चिमाला आणि धाकूला बोलावलं आणि त्या ओळींचा अर्थ मराठीत सांगितला. धाकूने खांद्यावरचा पंचा काढून डोळ्यांना लावला. चिमा उभी होती तशीच उभी राहिली.

"कुणी लपवला?" तिने विचारलं.

गुणवंतीबाई म्हणाल्या, उद्या सांगते. एक खात्री करायची आहे.

त्या दुसऱ्या दिवशी पिशवीभर आंबे घेऊन सरपोतदारांकडे गेल्या. पुतण्याने झाडावरून उतरवले आहेत, कच्चे कुठले नि तयार कुठले कळत नाही, असं म्हणून त्यांनी पिशवी प्राध्यापकांच्या लिहायच्या मेजावर रिकामी केली. प्राध्यापक म्हणाले की मलाही कळत नाही. मग गुणवंतीबाईंनी पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणाबद्दल विचारलं, आणि प्राध्यापक बोलू लागले.

ते बोलत होते आणि त्यांचे हात रिकामे नव्हते. एक आंबा उचलला, देठाशी नाकाला लावला, अंगठ्याने खांद्यावर दाबून पाहिला, डावीकडे ठेवला. दुसरा उजवीकडे. चर्चचा पाया कोणत्या साली घातला यावर येईपर्यंत मेजावर दोन ओळी झाल्या होत्या. देठ खाली, मध्ये बोटभर अंतर. प्राध्यापकांचं लक्ष नव्हतं. ते तेव्हा कलेक्टरच्या बायकोबद्दल सांगत होते.

गुणवंतीबाईंनी आंबे पिशवीत भरले, आभार मानले, आणि त्या चर्चला परत आल्या.

"बागेत वाढलेल्या माणसाला आंबा वेडावाकडा टाकताच येत नाही," त्यांनी तिघांना सांगितलं. "पुण्याला जाऊन बाप विसरता येतो, अढी नाही. धाकू मच्छीमार, त्याचा हात असा नाही. खंडू पालीचा, बागेचा तोही नाही, आणि तो आधीच गेला होता. रेव्हरंड आंबे फ्रिजमध्ये ठेवतात. चिमाबाय, तुला पाठीवर जी काडी दिसली ती इथली. आत वाकून बसलं की भिंतीला रचलेला पेंढा पाठीला लागतो. एरवी साखर न खाणारा माणूस अढीभर आंबे मागतो, आणि ते कुजायच्या आत नेतही नाही. त्याला आंबे नको होते. गर्दी सरली की गाडीच्या डिकीत दगड न्यायचा होता. दगड फोडला नाही, कारण फोडला असता तर फाटकात धाकूला आवाज गेला असता."

"पण का?" धाकूने विचारलं. "माझं त्यांच्याशी काय वैर?"

"तुझं काही नाही रे. त्यांचं पुस्तक रविवारी यायचं होतं आणि या ओळींनी त्यातलं एक पान खोटं पडत होतं. आयुष्यभर विकलेलं पान. तू फक्त किल्लीवाला होतास, सोयीचा."

उजगरे म्हणाले की आता त्यांना बोलावून घेऊ, चार माणसांत समज देऊ, ते माफी मागतील. वयस्कर माणूस आहे. क्षमा करणं आपल्या हातात आहे.

"क्षमा तुमच्या देवाने करावी, पाद्रीबाबा, त्याचं ते काम," चिमा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझा बाप मेला तेव्हा स्मशानात मागे कोणीतरी म्हणालं, साहेबबुडव्यांचा म्हातारा गेला. मला ते ऐकू आलं. पोलिसांत देऊ नका. चार दिवसांत सुटेल आणि सत्कार घेईल. त्याने नाव छापून घालवलं, चार गावांत. ते त्याच्याच तोंडाने परत यायला हवं, सगळ्यांसमोर. मग बघू क्षमेचं."

उजगऱ्यांनी गुणवंतीबाईंकडे पाहिलं. त्यांना वाटलं, त्या तरी काही समजावतील.

"पडदा कुठे लावणार आहात?" गुणवंतीबाईंनी विचारलं.

६

दगड मिळत नाही म्हटल्यावर सरपोतदारांनीच सुचवलं होतं, की त्याच्या वरच्या भागाचा जुना फोटो मोठा करून त्या जागी लावावा आणि आपण पडदा बाजूला करावा. फळ्या होत्या तेव्हाचा फोटो. त्यात खालचं काही येणार नव्हतं. समितीला ही कल्पना फार आवडली होती.

रविवारी चर्च भरलं. सेंट ज्यूडने एवढी माणसं बहुधा प्लेगच्या साथीनंतर पाहिली नसतील. मान्यवर पुढे बसले, आणि मान्यवरांच्याही पुढे, पहिल्याच बाकावर, चिमा बसली होती. नवं लुगडं, केसांत अबोली. तिच्या बाजूला धाकू. त्यांना कोणी उठवायला गेलं की उजगरे मध्ये येत.

प्राध्यापकांचं भाषण छान झालं. रक्त, सूड आणि इतिहासाची शिकवण यांवर ते बोलले. आज दगड आपल्यात नाही, पण चोराला सत्य चोरता येत नाही, असं म्हणून त्यांनी धाकूकडे बघणं टाळलं, सगळ्यांना दिसेल असं. टाळ्या झाल्या. मग त्यांनी दोरी ओढली.

पडदा सरकला आणि पेनफोल्डसाहेब जागच्या जागी होता. स्वच्छ पुसलेला, पांढरा, पूर्ण.

प्राध्यापकांच्या हातात दोरी तशीच राहिली. मागच्या लोकांना वाटलं हेच ठरलेलं आहे, आणि त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. उजगरे पुढे झाले. त्यांनी अत्यंत सौम्य आवाजात सांगितलं की परमेश्वराच्या कृपेने दगड मिळाला, आपल्याच मागच्या खोलीत, प्राध्यापकांनी सांगून ठेवलेल्या आंब्यांखाली. हा योगायोग. आता प्राध्यापकांनी तो वाचून मराठीत अर्थ सांगावा, ही विनंती.

चर्चमध्ये 'आंब्यांखाली' या शब्दावर थोडी कुजबुज झाली आणि मग थांबली. रत्नागिरीच्या लोकांना आंब्याचा हिशोब समजावून सांगावा लागत नाही.

सरपोतदारांनी वरचा भाग वाचला. हेन्री पेनफोल्ड, बंदर अधिकारी, जुलै, होडी. मग ते मागे सरले.

"मास्तर," चिमा बसल्या जागेवरून म्हणाली, "खालचं राहिलं."

ते म्हणाले, अक्षर बारीक आहे, चष्मा आणलेला नाही. गुणवंतीबाई उठल्या आणि त्यांनी आपला चष्मा काढून त्यांच्या हातात दिला. नंबर जुळत होता की नाही देव जाणे. त्यांना त्या ओळी त्या संध्याकाळपासूनच पाठ असणार.

ते वाचू लागले. इंग्रजी आधी, मग मराठी, आवाज खाली जात.

"आणि बाबल्या, त्याचा तांडेल, याच्या स्मृतीसाठीही. ज्याने त्या दिवशी होडी काढू नये म्हणून विनवलं. ज्याने माझ्या पतीला दोनदा पाण्यातून वर आणलं आणि तिसऱ्यांदा..."

"मोठ्याने," चिमा म्हणाली.

"आणि तिसऱ्यांदा आणताना स्वतः गेला. दोघे एकमेकांना धरलेले सापडले. ज्याचं माझ्या पतीने ऐकलं नाही, त्याचं नाव माझ्या पतीच्या नावाखाली नव्हे, त्याच्या बरोबरीने असावं. हा दगड मी बसवला. एलिझा पेनफोल्ड."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. धाकू उठला, नेहमीसारखा पंचा काढला, दगडाजवळ जाऊन खालच्या ओळीवरून एकदा फिरवला आणि परत येऊन बसला. पुस्तकाचे गठ्ठे कोपऱ्यात होते. ते त्या दिवशी कोणी सोडले नाहीत. चर्चच्या इतिहासाची सुधारित आवृत्ती ऐकून झालेली होती.

७

प्राध्यापकांना शिक्षा झाली नाही. उजगऱ्यांनी तक्रार दिली नाही, समितीने ठराव मागे घेतला, धाकू फाटकाजवळच्या खोलीत राहिला. अध्यक्षपदाचा राजीनामा प्रकृतीच्या कारणास्तव आला आणि त्याच कारणास्तव मंजूर झाला. उजगऱ्यांना वाटलं, प्रकरण मिटलं.

पंधरा दिवसांनी सरपोतदार पिशवी घेऊन मच्छीमार्केटात आले. घरात पत्नीला माशांशिवाय चालत नाही. ते चिमाच्या समोरून मान खाली घालून पुढे जाऊ लागले, तर तिने हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच फडकं बाजूला केलं. टोपलीत सुरमई होती, ताजी, डोळे चकचकीत, अशी की बघणाऱ्याने दिवसभर लक्षात ठेवावी. तिने मोठी सुरमई उचलली, नीट कापली, तुकडे पानात बांधले. प्राध्यापकांचे डोळे भरून आले असं बघणारे सांगतात. क्षमा मिळाली, असं त्यांना वाटलं असणार.

त्यांनी हात पुढे केला. चिमाने पुडा दिला नाही.

"बाबल्या कोण होता, मास्तर?"

आजूबाजूचे कोयते थांबले. प्राध्यापकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुटपुटत उत्तर दिलं, की साहेबाला वाचवताना गेलेला तांडेल. चिमाने पुडा दिला.

पुढच्या वेळी ते पलीकडच्या ओळीतल्या दिशाकडे गेले. दिशा तरुण, फोनवर गाणी ऐकत मासे विकणारी. तिला इतिहासाशी काय देणंघेणं. दिशाने बांगडे पिशवीत घातले, पिशवी आपल्याकडेच ठेवली, कानातलं इअरफोनचं एक बोंडूक काढलं आणि विचारलं, "बाबल्या कोण होता?" त्यापलीकडच्या बाईनेही तेच विचारलं. तिच्या पलीकडचीनेही. त्यांनी बाजार बदलून पाहिला, पण चिमाचं गोत किनाऱ्यावर सगळीकडे आहे.

आता ते बुधवारी आणि रविवारी येतात. प्रश्न विचारायची वाटसुद्धा बघत नाहीत. टोपलीसमोर उभं राहून आधीच सांगून टाकतात. चिमा मासे तोलत असते, मान वर करत नाही.

"ऐकू नाही आलं, मास्तर," ती म्हणते. "मागच्या ओळीत पण गिऱ्हाईक आहे."